सूर्याला न दिलेला दात

प्रिय दोर्रा,

मी ठीक आहे असं लिहिणार होतो, पण तेवढं वाचलंस की तू पत्र घडी घालून ठेवतेस. म्हणून सांगतो, ठीक नाही.

तू मार्सेयहून फोनवर हट्ट धरलास म्हणून मी त्या दातांच्या डॉक्टरांपुढे तोंड उघडलं. जबड्याचं हाड झिजलंय, खोट्या दाताचा स्क्रू बसायला जागाच नाही. आधी मूळपेशी घालून नवं हाड उगवायचं म्हणाले. कोणाच्या पेशी, विचारलं तर तू म्हणालीस, "घरच्याच आहेत, बाबा, घाबरू नका." घरच्या म्हणजे तुझ्या लेकाच्या, आपल्या कैसच्या, हे मला डॉक्टरांकडून कळलं. त्याचा पहिला दुधाचा दात. आपल्या महदियात पोरं पडलेला दात सूर्याकडे फेकतात, गाढवाचा घे, हरणाचा दे म्हणतात. कैसही मूठ वळून धक्क्यावर उभा होता, आणि तू मूठ सोडवून दात घेतलास, त्यातल्या पेशी गोठवून ठेवायला. पुढेमागे पोराच्याच कामी येतील म्हणून. त्याच्या तापात त्यांचा काही उपयोग झाला नाही. तुला बोल लावत नाही, पोरी. तो गेला आणि तू जी गेलीस ती परत आली नाहीस, एवढंच.

हाड भराभर वाढलं. डॉक्टर खूश. पण दुपारी डोळा लागला की मी दात खातो म्हणे. शेजारची मन्नूबिया खिडकीतून ओरडली, "अहो, तोंडाचं बोळकं झालंय आणि दात कसले खाता? अगदी कैससारखा आवाज!" मग स्वतःच दचकली आणि खिडकी लावून घेतली. कैस जीव टाकायचा ते हिरवे बदाम मला कधी आवडले नाहीत. आता मीठ लावून चोखत बसतो. त्याची मांजर मला पाहून पळायची, ती माझ्या गालाला कान लावून बसते. काय ऐकते कोण जाणे.

अजून एकही स्क्रू बसवलेला नाही. तरी खालच्या हिरडीतून पांढरं काहीतरी वर आलंय, तांदळाच्या दाण्याएवढं. डॉक्टर आधी हसले, मग बॅटरी धरून पुन्हा वाकून पाहू लागले. शेवटी म्हणाले, "हाजी, हा दुधाचा दात आहे. गुरुवारी काढून टाकू." मी तोंड मिटलं, ते त्यांच्यापुढे पुन्हा उघडलेलं नाही. पण तो आता आपणहून हलायला लागलाय, दोर्रा. मला भीती वाटते, झोपेत गिळून टाकीन. तू ये. आपण दिवसाउजेडी धक्क्यावर जाऊ. या वेळी फेकायचा की ठेवायचा, ते त्याच्या आईनंच ठरवायचं.

वाट पाहणारा तुझाच,
बाबा