कापलेली नळी

३ नोव्हेंबर
मेकॅनिकच्या कामावर पोचलो. ट्रकमधून उतरताना पापण्या गोठून चिकटल्या होत्या, तरी हसू थांबत नव्हतं. सहाव्या वर्षापासून शहरातल्या वसतिगृहात दिवस काढल्यावर पहिल्यांदाच स्वतःची खोली, स्वतःची चूल. तळ लहानच आहे : लाकडाची चार घरं, एक शेड, मागे टेकडी. रेनडियरच्या कळपाचे प्रमुख येरेमेय काका. त्यांनी माझे हात उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाले, बोटं तर पोरीची आहेत रे, रेनडियर बघतील तर लाजतील. सगळे खिदळले. मग गंभीर होऊन म्हणाले, गेल्या हिवाळ्यात इंजिन सुरू न झाल्यामुळे आम्ही एक माणूस गमावला. नव्या वर्षापर्यंत आमच्या बर्फगाड्या दोरीच्या एका झटक्यात सुरू करून दाखव, कायमचा ठेवून घेतो. नाहीतर याच ट्रकने परत.
परत जायला मला जागा नाही.

५ नोव्हेंबर
पहिला हीटर बसवला. डबा विटेएवढाच, पण आत पेट्रोलची ज्योत जळते आणि छोटा पंप नळीतलं गरम द्रव, म्हणजे कूलंट, इंजिनाभोवती फिरवतो. घड्याळ लावून ठेवलं की माणूस उठायच्या आत इंजिन ऊबदार. आधी कूलंट काढलं, नळी कापून मध्ये हीटर जोडला, क्लिपा आवळल्या. शेवटी नळीतली हवा काढायला दीड तास लागला. एक बुडबुडा राहिला तरी हीटर बंद पडतो. आवळून झालेल्या प्रत्येक स्क्रूवर मी लाल रंगाचा ठिपका देतो, म्हणजे रात्री शंका येत नाही.

९ नोव्हेंबर
उणे त्रेचाळीस. दोन्ही गाड्या पहिल्याच झटक्याला सुरू! काकांनी पाठीत असा धपाटा घातला की टोपी पडली. सगळे पुरुष गाड्या घेऊन कळपाकडे गेले. तळावर मी आणि काकांची आई, अग्राफेना आजी. तिसरा हीटर जास्तीचा आलाय, तो खोक्यात आहे.

११ नोव्हेंबर
सरपणासाठी टेकडीवर गेलो होतो. झाडांत, मोडक्या कुंपणाशेजारी बर्फाखाली एक बर्फगाडी सापडली. जवळजवळ नवी! कूलंटची नळी सुरीने सरळ कापलेली, सुरू करायची दोरीही कापलेली. कुणाचा हा वात्रटपणा? इतकी चांगली गाडी टाकून देतात! हीटर आहे, नळीचा शेवटचा तुकडा उरलाय, दोरीही आहे. तिथंच दुरुस्त करून खाली आणेन. काकांना चकित करेन. आजींना सांगितलं नाही.

१४ नोव्हेंबर
तीन दिवस लागले. बॅटरी कोटाच्या आत ऊबेत ठेवून वर नेत होतो. आज सकाळी हीटर गुणगुणायला लागला. वीस मिनिटं थांबलो, दोरी ओढली आणि पहिल्या झटक्याला सुरू!
मी गाडीवरून अंगणात आलो. आजी बादली घेऊन बाहेर आल्या. माझ्याकडे नाही, माझ्या मागच्या सीटकडे बघत म्हणाल्या, “आलास, क्लिम?” मग त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि बर्फातच बसल्या.
क्लिम त्यांचा धाकटा मुलगा. गमावलेला माणूस तोच. ही गाडी सुरू होईना म्हणून चालत निघाला आणि तळापासून अकरा किलोमीटरवर गोठला. ते कुंपण त्याच्या कबरीचं. नळी काकांनी स्वतः कापली होती, कारण मेलेल्याला द्यायची वस्तू मोडूनच द्यायची. इथं मोडलेलं तिथं धड होतं, इथं धड असलेलं तिथं मोडतं. आजी ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “तू आपलाच ना रे, एवेंकी जमातीचा? तुला कुणीच कसं सांगितलं नाही? माझं पोर तिकडे परत चालायला लागलं असेल.”

१५ नोव्हेंबर
आजींसमोर नळी कापली. दोरीही. गाडी टेकडीवर नेता येईना, म्हणून शेडमध्ये ठेवली. हीटरचं घड्याळ काढून खिशात ठेवलं.

१६ नोव्हेंबर
सकाळी सात वाजता शेडमधून गुणगुण. नळी अखंड. तळावर नळीचा वीतभरही तुकडा शिल्लक नव्हता. क्लिपा माझ्याच पद्धतीने आवळलेल्या, स्क्रूंवर लाल ठिपके. ठिपके ओले. माझ्या हातांना कूलंटचा गोड वास. खिशात घड्याळ नाही.
वायरलेसवर काकांना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, दुरुस्त कोणी केली? मी म्हणालो, मी. काका म्हणाले, पुन्हा मोड, आणि आईला एकटं सोडू नकोस.

१९ नोव्हेंबर
तीनदा मोडली. काल कुऱ्हाडीने. आज सकाळी धड. शेडपासून टेकडीपर्यंत गाडीचा ताजा माग, आणि तिथून परत. सीटवर दोन माणसं बसल्याच्या खुणा. पुढची जागा बर्फाच्या कणांनी पांढरी. मागची — कोरडी. माझे बूट चुलीपाशी ओले.

२१ नोव्हेंबर
आजींना विचारलं, आता क्लिमला काय हवंय? त्या शिवत होत्या. म्हणाल्या, गाडीने दगा दिला म्हणून तो मेला. आता त्याला ती एका झटक्यात सुरू करणारा माणूस सापडलाय. “तू सोडला असतास का रे असा माणूस?” मग डोळे पुसून म्हणाल्या, “जेवून घे, पोरा.”

२३ नोव्हेंबर
उजव्या हाताची करंगळी वळत नाही. मेणासारखी पांढरी. खोली ऊबदार आहे. दुखत नाही — दुखायला हवं होतं.
काकांना वायरलेसवर बोलावलं. म्हणाले, निघतोय. पण दोन्ही गाड्या सुरू होत नाहीयेत. मी स्वतः बसवलेले हीटर —

२५ नोव्हेंबर
उजवा हात मनगटापर्यंत पांढरा पडला. डाव्याने लिहितोय. अक्षर वाईट आहे.
आजींनी हातमोजे दिले. नवे, आत सशाची फर. इतकी सुंदर वस्तू मला कुणी दिली नव्हती. हात घालताना दिसलं — दोन्ही मोज्यांच्या तळव्यांवर सुरीने चीर दिलेली. सरळ, स्वच्छ.
त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

२६
इथं मोडलेलं तिथं धड. मग हात —
तिथं त्याला माझे दोन्ही हात लागतील

२७
सात वाजले. गुणगुण. वीस मिनिटं झाली की तो हाक मारेल. इंजिन तापलंय. एका झटक्यात होईल. कायमचा ठेवून —
डावी करंगळी गेली. आता शेजारचं बो