गर्जेचं पुढे काय झालं?

१४ जानेवारी १९८४
"रत्नागिरीतल्या आयाबापांनो, तुमची पोरं तुमच्या डोळ्यांदेखत पळवली जात आहेत!" वाचनालयाच्या सभेत सुरुवात अशी केली. मागच्या रांगेतलं शेंगा फोडणं थांबलं. पळवणारा कोण? किशोरांच्या कपाटातली जादूची कादंबरी. ‘भरतीची राखण’, भाग तीन, लेखक ‘खलाशी’. स्वतःचं नाव छापायची हिंमत नाही! उन्हाळ्यात विहिरी का आटतात हे ज्या वयात विचारायचं, त्या वयात पोरं चेटकिणींच्या मागे. ठराव मांडला: असली पुस्तकं कपाटातून काढा. मतदान मार्चच्या वार्षिक सभेत. टाळ्या भरपूर.
आभार नेहमीप्रमाणे कोर्टातल्या बापूंकडे. तोवर मी पायऱ्या उतरले होते. लोकही.
दारात ग्रंथपाल सावंत. "बाई, वाचलात काय पुस्तक?"
"विष चाखून बघतात का?"
उत्तर झणझणीत. पण घरापर्यंत टोचत राहिलं. न वाचता बोलणाऱ्यांची मी आजवर सालटी काढली आहेत.

१६ जाने.
भाग १ आणला. शत्रूचा अभ्यास. पेन्सिल घेऊन बसले. कवडी नावाची चौदा वर्षांची मुलगी. तिच्या गळ्यात भरतीची किल्ली. ती फिरवली नाही तर समुद्राला भरती येत नाही. समासात लिहिलं: ‘आणि चंद्र काय करतो?’

१७ जाने.
आमटी करपली. पेन्सिल कुठे पडली कळलं नाही.

१८ जाने.
भाग १ संपला. कथानक बालिश. भाषा बरी. बरीच बरी. कवडी विहिरीत उतरते तो प्रसंग दोनदा वाचला, दोष नीट नोंदवायला.
व.ने आंब्याच्या कलमांवरची फवारणी सोडून पुस्तक उचललंन. "अगो, चंद्र काय करतो हे तिसाव्या पानावर सांगितलंय की." चोवीस वर्षांच्या संसारात एवढा अपमान झाला नव्हता.

२१ जाने.
भाग २ ला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं. शाळेत मधल्या सुट्टीत वाचते. सहकाऱ्यांना वाटतं अर्थशास्त्र.
यात गर्जा आली! चेटकीण. ती बोलायला लागली की समुद्र ऐकत ऐकत मागे सरतो आणि कोरड्या तळावर तिचं सैन्य चालत येतं. काय बोलते! मुद्द्याला मुद्दा. लेखकाच्या मनात ती खलनायिका आहे, पण या राज्यात विचार करणारी ती एकटीच. कवडी नुसती किल्ली सांभाळते.

२९ जाने.
नाटे गावात जेटीसाठी सभा. मच्छीमार बायका पुढे बसलेल्या. शेवटी आवाज चढवून म्हटलं, "ही ओहोटी समुद्राची नाही, तुमच्या धीराची आहे!" बायका उठून उभ्या राहिल्या. व्यासपीठावर बापूंच्या हातातला पेला कलंडला, धोतर भिजलं. उन्हाचा त्रास असेल.
परतीची एसटी गाठायची म्हणून लगेच निघाले. गाडीत आठवलं. ते वाक्य गर्जेचं. भाग २, शेवटचं प्रकरण. असू दे. चेटकिणीने कुठे हक्क राखून ठेवलेत.

४ फेब्रु.
भाग ३ व.ने आधी पळवलान. बागेत मचाणावर बसून वाचतो. वरून ओरडून सांगतो, "गर्जा आता खडकावर चढली गो!" "पुढचं सांगितलंस तर शिडी काढून नेईन." खरंच काढली. जेवायच्या वेळी परत लावली.

७ फेब्रु.
भाग ३ संपला. संपला म्हणजे काय, तोडला! गर्जा एकटी खडकावर. सैन्य पळालेलं. चारी बाजूंनी भरती. पाणी गुडघ्याला. ती शेवटचं बोलायला तोंड उघडते. आणि पुस्तक बंद. काय बोलली? बुडाली? पाणी ऐकतं की नाही?
सायकल काढून वाचनालयात. सावंत खोडरबर घेऊन माझे शेरे पुसत बसलेले.
"चौथा कधी येतोय?"
"नाय येणार. प्रकाशकाचं कार्ड आलं. लेखकान् लिवायचं सोडलंन."
"का?"
"सभेत कोणीतरी लय टीका केली म्हणे." माझ्याकडे न बघता खोडत राहिले. "चंद्राचा मात्र पुसत नाय हा. लय दाबून लिवलात."

८ फेब्रु.
मी बोलले ते इथे, शेपन्नास खुर्च्यांच्या खोलीत. खलाशाला इतक्या लवकर कळलं कसं? माणूस पुण्या-मुंबईचा नाही. इथला. किंवा त्या खोलीतला.

१२ फेब्रु.
व. सकाळचा चहा पिता पिता भाग ३ पुन्हा वाचत होता. एकदम ठसका. गर्जेच्या प्रत्येक भाषणानंतर ओहोट नावाचा किडकिडीत म्हातारा येतो आणि सगळ्यांचे आभार मानतो: खडकांचे, शेवाळाचे, "येतो म्हणून न आलेल्या ढगांचेही." मला ते पात्र कंटाळवाणं वाटलं होतं. पानं उलटली होती.
"अगो, हे बापूंचं! गेल्या वर्षी मंत्री आले नाहीत तेव्हा हेच म्हणाले. ‘येतो म्हणून न आलेल्यांचेही आभार, त्यामुळे सभा वेळेवर संपली.’"
"तुला काय माहीत?"
"मी ऐकलंय. सगळी आभारप्रदर्शनं ऐकलीयत. तुझ्याभोवती घोळका असतो, मी मागे तुझ्या चपला धरून उभा."
चहा गार झाला. ओहोट बापू. मग गर्जा...
व. म्हणाला, "मला ती आली त्या पानापासून संशय होता. म्हटलं, तुला आवडत्येय तर कशाला."

१३ फेब्रु.
मांडवीला संध्याकाळी बापूंना गाठलं. चणे खात होते.
"बापू, गर्जेचं पुढे काय होतं?"
पुडी वाळूत. "कोण गर्जा?"
"बापू!"
पुडी उचलून वाळू झटकली. मग इतक्या बारीक आवाजात की मला वाकावं लागलं: "नाटे गावच्या सभेत माझं वाक्य वापरलंत, बाई. टाळ्या पडल्या. निदान आभार..."
"मला चेटकीण केलंत!"
"तुम्हांला आवडली नाही?"
"आवडली! ती बरोबरच बोलते! तुम्ही तिला उगाच हरवताय."
"हरवली कुठे अजून?" पहिल्यांदा हसले. मग म्हणाले, "तुम्ही ठराव मांडलात आणि हात थांबला. ती खडकावर उभी आहे आणि तिला काय बोलायचं ते मला सुचतच नाही. मी आभाराचा माणूस. भाषण संपल्यावर काय म्हणायचं तेवढं येतं."
"तेही कुणी ऐकत नाही," असं मी म्हणणार होते. गिळलं. त्यांनीच म्हटलं: "रिकाम्या सतरंज्यांचे आभार मानून मानून हा समुद्र सुचला मला. सतरंज्या उचलायला गडी उभा असतो ना, त्याच्यासाठी जरा गंमत करायचो. तो हसायचा."
सांडलेले चणे मी वेचायला लागले. मी!

२० फेब्रु.
ठराव मागे घ्यायचा? मागे घेणं मला जमत नाही. त्यापेक्षा मांडायचा आणि स्वतःच पाडायचा. माझ्याविरुद्ध बोलू शकेल असं गावात दुसरं आहे कोण? व. म्हणाला, "बघ हो, दोन्ही बाजूंनी टाळ्या घेशील." घेईन.

३ मार्च
बापूंना निरोप धाडला: गर्जेचं शेवटचं भाषण मी लिहून देते. उत्तर: "नको. ती तुमच्यापेक्षा थोडक्यात बोलते."
म्हणजे विचार चालू आहे!

१० मार्च
उद्या वार्षिक सभा. भाषण तयार. कवडी, विहीर, चंद्र, सगळं घातलंय. बापूंचं नाव मात्र घेणार नाही, त्यांनी हात जोडलेत. बागेत कैऱ्या सुपारीएवढ्या. व. म्हणाला, "ठराव पाडशील ठीक. पण म्हातारा लिहील कशावरून?" माहीत नाही. भरती ऐकते की नाही ते मलाही माहीत नाही. विचारलं, "तू उद्या शेवटपर्यंत बसशील ना?" "मी बसतोच. चपला या वेळी तुझ्या तूच सांभाळ."
पण तो एकटा पुरायचा नाही. मी खुर्चीवरच राहणार आहे. शेवटचं वाक्य चारदा बदललं. हे राहिलं:
"रत्नागिरीतल्या आयाबापांनो, माझं बोलणं संपलं. आता बापू आभार मानणार आहेत. त्यांचा शेवटचा शब्द होईपर्यंत एकानेही जागचं उठायचं नाही!"