मुंगळ्याचं टेबल

मंगळवार, ४ मार्च

टेंगूळ आलंच शेवटी. मुंगळ्याच्या कपाळावर, डाव्या भुवईच्या वर, चांगलं लिंबाएवढं. हॉलमधल्या काचेच्या टेबलाचा कोपरा. आम्ही तिघंही तिथेच होतो — दादा, वहिनी, मी — तिघांचेही हात एकदम पुढे गेले आणि एकाचाही पोचला नाही. तो उभं राहायला म्हणून काचेला धरायला गेला. काच गुळगुळीत. हात सटकला. आधी ठक्क, मग एक भलीमोठी शांतता, आणि मग जो काही भोंगा सुरू झाला!

मुंगळा म्हणजे दादाचा मुलगा. अजून वर्षाचा व्हायचाय. खरं नाव आहे, चांगलं भारदस्त आहे, पण दिसेल त्याला चिकटतो आणि सोडवायला गेलं की लाल होतो, म्हणून मी मुंगळा म्हणते. वहिनीला आवडत नव्हतं. आता तीही म्हणते.

दादाने त्याच पावली टेबल उचलून बाल्कनीत टाकलं. वहिनी सिंकपाशी जाऊन धुतलेलीच भांडी परत धुवायला लागली. म्हणजे रडत होती. मी म्हटलं, नवीन टेबल मी शोधते. ह्याला धरून उभं राहता येईल आणि लागणारही नाही असं. दादा हसला. वाईट नाही हसला, पण हसला. म्हणाला, “भिंगरे, तू आजवर एक तरी गोष्ट शेवटाला नेलीस का?”

नाही नेली. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं. मग फळबागेत फळं तोडली, बोटीवरच्या कँटीनमध्ये कप विसळले, नाटकवाल्यांच्या ट्रकवर पडदे वाहिले. कुठे मन लागलं नाही, कुठे मालकाचं माझ्यात. म्हणून काय झालं? इथे दोन दिवसांसाठी आले होते, ती जानेवारीपासून हॉलमध्ये गादीवर आहे. आणि दर रविवारी दादा विचारतो, “मग, पुढे काय?” म्हणजे कधी जातेस. कळतं मला! आयुष्यात पहिल्यांदा एका जागी राहावंसं वाटतंय तर हे असं.

नाही जात. टेबल आणेन, मुंगळा त्याला धरून उभा राहील, ते डोळ्यांनी बघेन. त्याआधी हाकलायचं असेल तर तोंडाने हाकला म्हणावं.

बुधवार, ५ मार्च

फर्निचरच्या दुकानांकडे निघाले होते. खरंच निघाले होते! वाटेत एका घराच्या तिसऱ्या मजल्यावरून दोरांनी कपाट खाली सोडत होते. जिन्यातून येत नव्हतं म्हणे. आता असं काही चाललेलं असताना कोण पुढे जाईल? कपाट मध्येच अडकलं, गोल फिरलं, दार उघडलं आणि आतले कपडे रस्त्यावर. खालून जाणाऱ्या एका टकल्या गृहस्थांच्या डोक्यावर परकर पडला. त्यांनी तो शांतपणे घडी करून कपाटवालीच्या हातात दिला. मग आम्ही सगळ्यांनीच कपडे गोळा केले, मग चहा झाला, मग कपाटवालीने मला तिच्या तिन्ही सुनांबद्दल सांगितलं. तिन्ही वाईट. तिसरी जरा कमी.

तोवर दुकानं बंद.

घरी आले तर दादाने फक्त एक भुवई वर केली. त्या भुवईला उद्या बघून घेते.

गुरुवार, ६ मार्च

गेले! नाकासमोर बघत गेले. मोठं दुकान, आत शिरल्या शिरल्या गार वारा आणि नव्या लाकडाचा वास. विकणारा पोरगेला, टाय लावलेला. “मॅडम, कशा प्रकारचं बघताय?” मी म्हटलं, सांगते, आणि जमिनीवर बसले. मग रांगायला लागले.

दुसरं काय करणार? उभं राहून बघितलं तर सगळी टेबलं छानच दिसतात. मुंगळा उभा राहून बघत नाही. खालून बघितलं की एकेकाची लक्षणं कळतात. एकाच्या खाली खिळा बाहेर आलेला. एकाचा कोपरा नेमका डोळ्याच्या रेषेत. एकाला खण होता — तो बोटं आत घेऊन बंद झाला, माझी! एक दिसायला राणी, पण कडेला धरून जरा अंग टाकलं तर सगळं माझ्यावर यायला लागलं. वरच्या फुलदाणीसकट. टायवाल्याने ती हवेत झेलली. म्हणाला, “मॅडम, काही पडलंय का तुमचं? मी शोधून देतो ना, तुम्ही उठा.”

तेवढ्यात एक बाई आल्या, पोट चांगलं पुढे आलेलं, आठवा तरी असेल. मला विचारलं, काय बघताय खाली. मी सांगितलं. त्यांनी नवऱ्याकडे नुसतं बघितलं. बिचारा इस्त्रीच्या पँटसकट खाली बसला आणि माझ्यामागे रांगायला लागला. टेबलाखालून त्याचं आणि माझं चांगलं जमलं. दोघांनी मिळून दुकानातली निम्मी टेबलं बाद केली. टायवाला आम्हाला दोघांनाही बाहेर काढणार होता, पण बाईंच्या पोटाकडे बघून गप्प बसला.

एकही टेबल मिळालं नाही. पण काय नको ते पाठ झालं. काच नको, कोपरे नकोत, खण नको, आणि ओढलं तरी जागचं हलता कामा नये!

शुक्रवार, ७ मार्च

दादानेच टेबल निवडलंय. ऑफिसातून येताना त्याचं चित्र घेऊन आला. घडीचं! चार काटक्या पाय, वर पातळ फळी, मिटलं की भिंतीला टेकतं. “एका हाताने उचलता येतं,” असं तीनदा म्हणाला. मी म्हटलं, एका हाताने तुला उचलता येतं तर दोन हातांनी मुंगळ्याला अंगावर घेता येईल. आणि बिजागरी? त्याचं बोट गेलं तर?

वहिनीचं तिसरंच. तिला मऊ, गोल, कापडी बैठक हवी, वर ट्रे ठेवायचा. मी म्हटलं, वहिनी, ती घसरते. धरायला गेला की बैठक एकीकडे, हा दुसरीकडे आणि गरम चहा दोघांच्या मध्ये. वहिनीला चहाचं पटलं. तिने लगेच बैठक सोडली.

दादाने घडी सोडली नाही. “टेबल हलकंच पाहिजे.” का? “सोयीचं पडतं.” कुणाच्या? “घराच्या.” अरे पण कोण उचलणारेय ते? बिऱ्हाड पाठीवर घेऊन मी फिरते, तू नाही! मी म्हटलं, पैशासाठी चाललंय का हे? तर म्हणे घडीचं उलट महागच आहे. मग कशासाठी? तर गप्प. दादाचं हे लहानपणापासून आहे. पटवून देता आलं नाही की तोंडाला कुलूप.

मग मला एकदम उमगलं. टेबलाचं काहीच नाही. मी निवडायचं नाही, एवढंच आहे. मी एक गोष्ट पुरी केली तर दर रविवारी काय विचारणार हा?

शनिवार, ८ मार्च

घरात आज कुणी कुणाशी बोललं नाही. मुंगळा मात्र सगळ्यांशी बोलला.

रविवार, ९ मार्च

“मग, पुढे काय?” आलंच, चहाबरोबर. मी म्हटलं, पुढे टेबल. वहिनीला हसू आलं, तिने कपात तोंड घातलं.

दादा उठला आणि दारामागून घडीचं टेबल काढलं. घेऊन आला होता! दुकानदाराने दोन दिवस वापरून बघायला दिलं म्हणे. हॉलच्या मधोमध उघडून ठेवलं आणि छाती काढून उभा राहिला.

मी वाद घातला नाही. माझी पाठीवरची पिशवी आणली, तीच, सगळीकडे बरोबर नेलेली. एका हातावर मुंगळा घेतला, दुसऱ्या हातावर पिशवी. पिशवी हलकी होती, म्हणून दादाच्याच बुटांचा एक जोड आत घातला, मग आणखी एक जोड, असं करत दोन्ही हात सारखे झाले. एवढी वर्षं ओझी वाहिली ती फुकट नाही. वहिनीलाही दोन्ही उचलून बघायला लावलं. तिने डोळे मिटून वजन केलं आणि मान डोलावली.

मग मुंगळ्याला तिच्याकडे देऊन पिशवीचा पट्टा टेबलाच्या कडेला अडकवला. हळूच. आणि हात सोडला.

धाडकन! पलीकडचे दोन पाय वर, फळी खाली, पिशवी तिच्याखाली. मुंगळ्याने टाळ्या वाजवल्या, नुकताच शिकलाय. वहिनीने त्याला घट्ट धरलं आणि दादाकडे बघितलं.

दादा त्या पडलेल्या टेबलापाशी आला. मला वाटलं आता काहीतरी काढेल नवीन. नाही काढलं. वाकून टेबल मिटलं, बूट काढून घेतले आणि म्हणाला, “ठीक आहे. तुझंच खरं. तुला हवं ते आण.”

जिंकले! तोंड अगदी पडलं होतं त्याचं. पडू दे. मी दिवसभर गाणं म्हणत होते.

मंगळवार, ११ मार्च

मिळालं!!

जुन्या सामानाचं दुकान, गोदामच म्हणायचं. मालक म्हातारा, कानात कापसाचा बोळा, सगळ्या गोष्टी ओरडून सांगतो. वाटेत कुठेही थांबले नाही. एका ठिकाणी दोन बोके भांडत होते, तरी नाही थांबले. (थोडीशी थांबले.)

टेबल गोल आहे. भलं थोरलं, बुटकं, जाडजूड. पायच नाहीत त्याला — खाली अख्खा लाकडी घेर, पिंपासारखा, पार जमिनीपर्यंत. म्हणजे खाली शिरून डोकं आपटायचाही प्रश्न मिटला. कड एवढी गोलाई मारलेली की हात आपोआप तिच्यावर बसतो. मी कडेला लोंबकळले. काही नाही. वर चढून बसले. काही नाही. लाथ मारली. अंगठा अजून दुखतोय.

मग वाकून कड चाटली. म्हातारा ओरडला, “अगं पोरी, ते खायचं नाही, चहा ठेवायचंय!” मी म्हटलं, मुंगळा पहिल्यांदा चाटणार, मग चावणार, मग धरणार, क्रम ठरलेला आहे त्याचा. कडू लागलं, रंगासारखं लागलं तर नको. लाकडासारखंच लागलं. आणि जरा धुळीसारखं. म्हाताऱ्याने सांगितलं की नुसतं तेल पुसलेलं आहे, पॉलिश नाही, आणि मग खात्री असावी म्हणून स्वतःही जीभ लावून बघितली. दोघांनी एकमेकांकडे बघून माना हलवल्या.

“हलवायला चार माणसं लागतील,” तो म्हणाला. “एकदा ठेवलं की ठेवलं.”

मी म्हटलं, तेच पाहिजे.

बुधवार, १२ मार्च

आलं. चार माणसं, चौघांनीही जिन्याच्या वळणावर मला मनात शिव्या घातल्या. एकाने मनात नाही. दार बिजागऱ्यांवरून उतरवावं लागलं. दादाने अर्धा दिवस सुट्टी घेतली होती, त्यानेही खांदा दिला. हॉलच्या बरोबर मध्ये बसवलं. सोफा, टीव्ही आणि मध्ये हे. माणसं गेली. आम्ही तिघं जमिनीवर बसलो, कुणीही काही सांगितलं नव्हतं तरी.

मुंगळा आला. लांबून बघितलं. जवळ आला. चाटलं. (सांगितलं होतं!) चावलं. मग दोन्ही पंजे कडेवर ठेवले, ढुंगण मागे काढलं, खूप विचार केला, आणि उठला. उभा! गुडघे लटलट, पण उभा. टेबल तसूभर हललं नाही. कपाळावरचं टेंगूळ आता पिवळं झालंय, ते घेऊन असा बघत होता आमच्याकडे, जसं काही घर त्याचंच आहे आणि आम्ही राहायला आलोय.

आणि मग एक पाऊल आडवं टाकलं. कड धरून. मग आणखी एक. अर्धं टेबल फिरला आणि बुडावर बसला. रडला नाही.

वहिनी रडली. ह्या वेळी भांडी न धुता. दादाने माझ्या डोक्यावर टपली मारली, जोरात, आणि म्हणाला, “नेलंस बाई शेवटाला.”

लिहून ठेवते हे. त्याच्या तोंडचं आहे. हात दुखतोय, अंगठा सुजलाय, आणि मी जाम खूश आहे. आता काय विचारायचंय ते विचार म्हणावं रविवारी!

गुरुवार, १३ मार्च

काल जेवणानंतर फिरून आले तर गादी घातलेली नव्हती. रोज असते. कोण घालतं, हे कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. हॉलमध्ये दादा उभा, गादीची गुंडाळी काखेत, कपाळाला घाम. टेबल ढकलून बघत होता. सोफा आणि टेबल ह्यांच्यामध्ये आता जेमतेम मुंगळा झोपेल. काचेचं टेबल रोज रात्री तोच उचलून बाजूला ठेवायचा.

“म्हणून हलकं म्हणत होतो,” तो म्हणाला.

मग बोलला का नाहीस, विचारलं.

“बोललो असतो तर तू अडचण नको म्हणून दुसऱ्या दिवशी पिशवी भरली असतीस.”

खरंय. भरली असती.

गादी टेबलाभोवती वाकवून घातली. केळ्यासारखी झोपले. पाठ पार कामातून गेलीये. टेबल हलणार नाही — आणि मी पण नाही!