सात नंबरचा माग आणि लोटूचा थकवा

१० मार्च १९९७, सोमवार
लोटूच्या एका डुलकीचा खरा खर्च: सहा मीटर कापड वाया. सात नंबरचा माग अर्धी रातपाळी बंद. तुटलेले तीनशे धागे शेजारच्या मागावरच्या निंबाने एकेक करून जोडले. ओरडून माझा घसा बसला. लोटूच्या अंगठ्याचं नख गेलं.

नख शेवटी लिहिलं, कारण ते परत येतं.

लोटू माझा पहिल्या नंबरचा कारागीर. सुरतेत नवे होतो तेव्हा लिंबायतला आम्ही एकाच खाटेवर झोपायचो. रातपाळीचा तो दिवसा, दिवसपाळीचा मी रात्री. गोधडी कधी गार पडली नाही. आज नवागामला माझं स्वतःचं खातं आहे, चोवीस मागांचा कारखाना; त्याचे हात तेच दोन. बाकीचे मला शेठ म्हणतात, तो अजून दादा म्हणतो. चार माग सांभाळतो, त्यातला सात नंबर तर फक्त त्याचंच ऐकतो. लोटू गेला तर सात नंबर भंगारात. म्हणजे तो जाणार नाहीच. पण थकव्याचं काहीतरी केलं पाहिजे.

१२ मार्च
मालक मंडळाच्या हॉलमध्ये लेक्चर. टायवाला म्हणाला, कामगार दोन कारणांनी विझतो. काम फार, नाहीतर काम तेच ते. शेवटचा मुद्दा, मालकाने ऐकायला शिकावं. बाकीचे मालक पेंगत होते. मी फक्त डोळे मिटले होते.

ऐकण्याचं मला काय शिकवणार? ऑफिसात बसल्या बसल्या चोवीसपैकी कोणता माग थांबला ते सांगतो. जेवतानाही कान तिकडेच. (बायको, उषा, जेवताना कायम माझ्या उजव्या हाताला बसते. मान देते. जुन्या वळणाची आहे.)

१४ मार्च
योजना क्र. १. घंटा. पाळीत दोनदा दहा मिनिटं माग बंद, सगळ्यांनी बाहेर लिंबाखाली बसायचं. कारागिरांतल्या सुकदेवने विचारलं, शेठ, त्या दहा मिनिटांचे मीटर कोण विणणार, लिंब? पगार मीटरवर असतो हे आता त्याने मला सांगावं! मी म्हणालो, आधी तब्येत. सगळे हसले. वातावरण हलकं झालं. हेतू हाच होता.

१७ मार्च
घंटा वाजते, कुणी उठत नाही. ऐकूच जात नसावी. खडखडाटात राहून या लोकांचे कान जातात बिचाऱ्यांचे.

२१ मार्च
योजना क्र. २. कंटाळ्यावर उपाय. मागांची अदलाबदल. लोटू सातवरून एकोणीसवर. त्याने खिळ्यावरचा शर्ट काढला, कानबाई देवीचा फोटो काढला, मागाला हात लावून कपाळाला लावला. मुकादम किसन म्हणाला, शेठ, जोडीतला बैल विकतानासुद्धा माणूस त्याच्या पाठीवर हात फिरवतो. किसनकडे कधी साधी शेळीही नव्हती. बैल कुठून आला?

२६ मार्च
सातवर सुकदेवने चार दिवसांत आडवा धागा नेणारे दोन धोटे मागाबाहेर उडवले. एक पत्र्याला लागला, एक निंबाच्या कानाजवळून गेला. योजना यशस्वी, पण तूर्त स्थगित. लोटू परत सातवर, शर्ट परत खिळ्यावर. त्याला आनंद झाला असणार. तोंडावर दिसला नाही. थकलेल्या माणसाचा आनंद आत असतो.

२८ मार्च
योजना क्र. ३. स्वतः ऐकणे. रोज पाळी बदलताना मागांमधून फेरी. आज लोटू डाव्या बाजूने आला, बराच वेळ बोलला. एवढ्या खडखडाटात मालक उभा राहून ऐकतो, हेच केवढं! मी मान डोलावली.

२ एप्रिल
लोटू परत बोलला. 'दादा' एवढं नक्की कळलं. शब्द महत्त्वाचे नसतात, भावना असते. मान डोलावली. टायवाल्याने हे पाहायला हवं होतं.

५ एप्रिल, शनिवार
रातपाळी सुटल्यावर फेरीत लोटू परत डाव्या बाजूने आला. हात जोडले, काहीतरी म्हणाला. डोळ्यांत पाणी. मी पाठ थोपटली, मान डोलावली. थकवा उतरला की माणूस असा मऊ होतो. योजना क्र. ३ पास. फेरी उद्यापासून बंद.

७ एप्रिल
मंडळाच्या अंकासाठी लेख लिहायला बसलो. मथळा: माझ्या खात्यात कुणी थकत नाही. मध्येच कान लावला. चोवीसच्या चोवीस चालू.

८ एप्रिल, पाडवा
नव्या वर्षाचा संकल्प करायला सकाळीच खात्यात. सातच्या खिळ्यावर शर्ट नाही. कानबाईही नाही. किसनला ऑफिसात घेतलं, दार लावलं, विचारलं.

म्हणाला, शेठ, त्याने तुम्हालाच तर सांगितलं. आधी म्हणाला, मला रातपाळीतून काढा, डोळे मिटतात, आज नख गेलं, उद्या बोट जाईल. तुम्ही मान डोलावलीत, रातपाळी तशीच. चार-पाच दिवसांनी परत म्हणाला. परत मान डोलावलीत. शनिवारी म्हणाला, दादा, मी थकी गऊ, बिऱ्हाड घेऊन गावाला चाललो, आता येणार नाही. तुम्ही पाठ थोपटलीत. मी स्टेशनवर सोडायला गेलो, तर पॅसेंजर सुटेपर्यंत सारखं तेच म्हणत होता, दादाने एकदा अडवलंसुद्धा नाही.

घरी जाऊन उषाला सांगितलं. ती उठून माझ्या उजव्या हाताला येऊन बसली. म्हणाली, डावा कान तुमचा हे खातं घेतलं त्याच वर्षी गेला. म्हणून तर मी इकडे बसते. तेव्हा सांगितलं होतं, तुम्ही मान डोलावलीत.

दुपारी परत खात्यात. लोटूचे तीन माग सुकदेव आणि निंबाने वाटून घेतलेत. सातला कुणी हात लावत नाही. तो शनिवारपासून बंद आहे.