बरणीतली घोण

१ ऑगस्ट ९४, सोमवार
प्रिन्सिपॉलांनी सांगून टाकलं : प्राणिशास्त्राची लॅब रिकामी करा, तिथं कॉम्प्युटर बसणार. एकोणीस वर्षं शिकवलं त्या खोलीत! अटेंडर यादगिरी नमुने पोत्यांत कोंबत होता. जिवंत घोण तेवढी मी घरी आणली, बरणीसकट. वीतभर आहे, गोमेचीच थोरली जात. यादगिरी घोणीला तेलुगूत जेर्री म्हणतो. म्हणाला, "मॅडम, जेर्री कू घर कू नक्को ले जाव. बच्चा है ना घर में." हसण्यावारी नेलं. लेक मीना बाळंतपणाला आलीय, बाळ आज नऊ दिवसांचं.

४ ऑगस्ट
झुरळ सोडलं. घोणीला दिसतं जेमतेम, सगळा कारभार मिशांवर. मिशी लागली मात्र, मागच्या पायांनी आवळलं, गर्रकन वळली आणि तोंडाखालच्या विषारी नख्या रुतवल्या. टिपण काढायच्या आत संपलं.

११ ऑगस्ट
आज पाल. घोण झाकणाच्या जाळीला मागच्या पायांनी लोंबकळत होती. पाल काचेवरून चढली, वरच्या वर मानेमागे धरली. तडफड थांबली तरी सोडलं नाही. डोक्याकडून खायला सुरुवात.
मीना दारातून : "शी! आई, हे घरात कशाला?"
खरं लिहायचं तर मी खूश होते. फळ्यावर किती वेळा काढली, पाहिली आज.

१९ ऑगस्ट, शुक्रवार
सासूबाईंनी बाळासाठी जिवती पुजली. मी कॉलेजातून आले तर बरणीला हळदकुंकू, झाकण बाजूला, आत नुसती माती.
"लक्ष्मी ती. श्रावणातल्या शुक्रवारी कोंडून ठेवतात? मोकळी केली."
कुठं?
"इथंच. लक्ष्मीला कुणी घराबाहेर घालतं का?"
वाट्टेल ते बोलले. त्या शांत. "मीनाला सांगू नको. परेशान होईल पोरगी, दूध आटेल."
हे मात्र मला पटलं. पटायला नको होतं.

२१ ऑगस्ट
कपाटं, न्हाणी, माळा, सगळं उपसलं. नाही. तिला ओल लागते, अडचण लागते. चिक्कडपल्लीच्या या दोन खोल्यांत सगळ्यात ओली खोली बाळंतिणीची. पाऊस थांबत नाही, लंगोट तिथंच वाळतात. झोळी छताच्या कडीला बांधलेली, जमिनीवरचं काही पोचणार नाही म्हणून मीना निर्धास्त. जाळीला लोंबकळणारी घोण मी जवळून पाहिलीय, तिनं नाही.
सासरी पाठवावं तर सव्वा महिना व्हायचाय. कारण काय सांगू?

२२ ऑगस्ट
झोळीच्या दोरीला रॉकेल चोळलं. मीनाला सांगितलं, मुंग्या. सासूबाई रोज नमस्कार करून म्हणतात, ती काही करायची नाही. मला त्यांचा राग येतो. त्याहून जास्त माझा. बरणी आणली मी.

२४ ऑगस्ट, सकाळ
मीना बाळाला पाजत होती. म्हणाली, "आई, ट्यूबलाइटमागच्या दोन्ही पाली गेल्या वाटतं. दोन दिवस एकही नाही. बरं झालं, झोळीत पडेल अशी भीती वाटायची."
मी हो म्हणाले. हो म्हणाले!
झोळी सोडवून झटकली, दुपटी झटकली, परत झटकली. ते तिनं पाहिलं. मी ही वही ओढून लिहायला बसले, तरी ती बाळाला खांद्यावर घेऊन माझ्यासमोर उभी आहे. "आई, काय शोधतेयस तू चार दिवस?"
सासूबाई स्वयंपाकघरातून मान हलवतायत, सांगू नको.