सात किलो चारशे ग्रॅम आणि हिरवी स्मूदी

१ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ६.१०

वजन ९७.४.

आजपासून ही वही. हॉस्पिटलमधल्या डाएटच्या बाई म्हणाल्या, जे खाल ते लिहा, आम्ही तपासणार नाही, तुमच्यासाठीच लिहा. मी म्हटलं, मग तर खोटं लिहायचा प्रश्नच नाही.

मुद्दा असा. धाकटीला किडनी द्यायची आहे. धाकटी म्हणजे माझी बहीण. वय एकोणचाळीस, तीन वर्षं डायलिसिसवर, सोम-बुध-शुक्र. तिच्या नवऱ्याची जुळली नाही. माझी जुळली. रक्तगट, टिश्यू, सगळं. डॉक्टर म्हणाले, फक्त वजन नव्वदच्या खाली आणा, सहा आठवडे देतो, १४ ऑक्टोबरला या. मी तिथेच सगळ्यांसमोर मोठ्याने म्हटलं, सहा कशाला, चारातच येतो. धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. रिसेप्शनवरची मुलगीसुद्धा बघत राहिली.

सात किलो चारशे ग्रॅम. त्यात काय एवढं.

उपाय काल सापडला. हिरवी स्मूदी. पालक, काकडी, हिरवं सफरचंद, आलं, लिंबू, पाणी. व्हिडिओतल्या माणसाने अकरा किलो घटवले आणि वर हसतही होता.

सकाळी ६.४०

मिक्सरचं झाकण दाबून धरायचं असतं, हे व्हिडिओत सांगायला हवं होतं. छत हिरवं. बायको स्टुलावर उभी राहून पुसतेय. उरलेली अर्धा ग्लास प्यायलो. चव: लॉनवर पडल्यासारखी.

२ सप्टेंबर, मंगळवार

पूर्ण ग्लास. झाकणासह. साडेनऊपर्यंत देवमाणूस होतो.

दहाला शिंपीणबाईंचा क्लास. (मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतो, बावीस वर्षं. या बाईंचं टेलरिंगचं दुकान आहे. टेस्टला दोनदा नापास. रिव्हर्स म्हटलं की डोळे मिटतात.) सिग्नलला माझं पोट असं वाजलं की त्यांनी घाबरून विचारलं, सर, गिअर अडकला का?

दुपारी तीन पोळ्या. सकाळच्या खाल्ल्या नव्हत्या, म्हणून हिशेब तोच.

५ सप्टेंबर, शुक्रवार

चूक सापडली. स्मूदी पोटभरीची हवी. पोटच भरलं नाही तर माणूस खाणारच. आज त्यात दोन केळी, मूठभर ओट्स, दोन चमचे पीनट बटर, मध आणि दाटपणासाठी दही. एकदम झकास. चमचा जरा मोठा होता, वाढायचा.

बायको औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. तिला लेबल वाचायची खोड. तिने सगळे डबे फिरवून वाचले आणि म्हणाली, अहो, हा एक ग्लास साडेआठशे कॅलरीचा आहे. आणि तुम्ही यानंतर नाश्ता करताय.

मी म्हटलं, नैसर्गिक कॅलरी अंगाला लागत नाहीत. ती काही बोलली नाही. पटलं असावं.

९ सप्टेंबर, मंगळवार

९७.९. स्नायू वाढतायत. स्नायू चरबीपेक्षा जड असतात, हे सगळ्यांना माहीत आहे.

सकाळच्या बॅचमधला एकजण पास झाला, केक आणला. एकच तुकडा घेतला. कोपऱ्यातला निघाला, तो मोठा असतो. त्यात माझा दोष नाही.

उद्यापासून चालणं. पाच किलोमीटर.

१० सप्टेंबर, बुधवार

बूट सापडला नाही. एकच सापडला.

१४ सप्टेंबर, रविवार. संध्याकाळी

धाकटीचा फोन. दादा, कसं चाललंय? म्हटलं, जोरात. मग म्हणाली, दादा, तुला भीती नाही ना वाटत? वाटत असेल तर सांग हं.

मी इतका हसलो की ठसका लागला. बायकोने पाणी आणून दिलं.

फोन ठेवल्यावर म्हटलं, आपण तयारीचा माणूस, ऑपरेशन नेमकं कसं करतात ते बघून ठेवावं. व्हिडिओ लावला. चाळीस सेकंदांनी नेटवर्क गेलं.

गेलं म्हणजे मी बंद केलं. पण जाणारच होतं.

मग फ्रिज उघडून काय काय आहे ते बघितलं. रात्रीचा भात होता. टाकून द्यायला नको म्हणून.

१८ सप्टेंबर, गुरुवार

वैताग. माझ्या बाजूलाही ब्रेक असतो, शिकवणाऱ्याचा. आज रिकाम्या रस्त्यावर शिंपीणबाई छान तिसऱ्या गिअरमध्ये चालल्या होत्या आणि माझा पाय आपोआप खाली गेला. गाडी जागच्या जागी. मागचा दुधाचा टेम्पो कर्कश्श वाजला. बाईंचा चष्मा डॅशबोर्डवर. म्हणाल्या, सर, काय आलं मध्ये?

म्हटलं, मांजर.

पुढच्या चौकातही मांजर. परत येताना शाळेच्या भिंतीपाशी पुन्हा.

शेवटी बाईंनी गाडी कडेला घेतली, न सांगता, अगदी व्यवस्थित इंडिकेटर देऊन. म्हणाल्या, सर, घरी सगळं ठीक आहे ना? म्हटलं, सगळं उत्तम. डाएट चालू आहे, त्याने थोडं होतं.

भागात मांजरं फार झाली आहेत.

२१ सप्टेंबर, रविवार

हे लिहू की नको. लिहितो.

धाकटी आणि तिचा नवरा दुपारी आले. ती वाळली आहे, फक्त पाय सुजलेले. सँडलचे पट्टे शेवटच्या भोकाला. मी म्हटलं, थांब, तुला माझी स्पेशल देतो, अंगात ताकद येईल. पालक दुप्पट घातला, तीन केळी. काचेचा मोठा ग्लास, वर लिंबाची चकती.

तिने ग्लास हातात घेतला. प्यायली नाही. नुसता नाकाशी धरला आणि डोळे मिटले. तेवढ्यात बायको आतून आली ती धावतच. ग्लास तिच्या हातातून असा ओढला की अर्धी स्मूदी सतरंजीवर. बायको माझ्यावर ओरडली. लग्नाला एकवीस वर्षं झाली, कधी ओरडली नव्हती. पोटॅशियम! म्हणाली. पालक, केळी! हिचं हृदय बंद पडेल, कळतंय का तुम्हाला?

खरंच माहीत नव्हतं. धाकटीचा नवरा जमिनीकडे बघत होता. त्याला माहीत होतं, त्याचा चेहराच सांगत होता.

धाकटीच म्हणाली, वहिनी, राहू दे ग, मी पिणार नव्हते. फक्त वास घेतला. तीन वर्षांत केळ्याचा वास घेतला नव्हता. मग माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, दादा, ऑपरेशन झालं की पहिल्यांदा हेच पिणार, तुझ्या हातचं.

मी म्हटलं, हो तर.

ती गेल्यावर सतरंजी धुतली. दोनदा. डाग आहे.

आजपासून एकदम कडक. शपथ.

२२ सप्टेंबर, सोमवार

फक्त पालक, काकडी, पाणी. तीन वेळा. दुसरं काही नाही.

२३ सप्टेंबर, मंगळवार

तेच. चक्कर आल्यासारखं होतंय, पण छान वाटतंय.

२४ सप्टेंबर, बुधवार

९६.६! बायकोला बोलावून काटा दाखवला. ती वाकून बघत राहिली. म्हणाली, असंच चालू ठेवा, होईल. तिचा हात माझ्या पाठीवर होता.

याच वेगाने आठ दिवसांत संपलं. म्हणजे मग तारीख देतील. म्हणजे मग खरंच.

२४ सप्टेंबर, दुपारी ४

हॉस्पिटलचा फोन. चांगली प्रगती ऐकली म्हणे, धाकटीकडून, भूलतज्ज्ञांचीही भेट १४ लाच ठरवू या का? म्हटलं, हो हो, ठरवा.

नंतर स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभ्या उभ्या एक अख्खा ब्रेड. बटर लावून. शेवटच्या चार स्लाइस बटर नसलेल्या, कारण बटर संपलं.

अशक्तपणा होता, त्यामुळे.

२९ सप्टेंबर, सोमवार

धाकटीला सकाळी श्वास घेता येईना. फुप्फुसात पाणी. तिचा नवरा गाडी चालवण्याच्या स्थितीत नव्हता, मी चालवली. ती मागच्या सीटवर ताठ बसून होती, दोन्ही हात पुढच्या सीटवर, बुडणारा माणूस काठ धरतो तशी. बोलत नव्हती. श्वासाचा आवाज येत होता, ओल्या कापडातून आल्यासारखा. अठरा मिनिटं. एकदाही मांजर आलं नाही.

लगेच मशीनवर घेतलं. दुपारपर्यंत बरी होती.

कॉरिडॉरमध्ये डॉक्टर भेटले. विचारलं, तुमचं कुठवर आलं? म्हटलं, होत आलंय. ते म्हणाले, फार वेळ नाही बरं का. मी म्हटलं, डॉक्टर, माझ्याकडून उशीर होणार नाही.

तिथल्या कँटीनमध्ये दोन क्रीम बिस्किटचे पुडे. दिवसभर काही खाल्लं नव्हतं.

४ ऑक्टोबर, शनिवार

काटा बिघडला आहे. ९८.२ दाखवतो. पायपुसण्यावर ठेवला तर ९३. खरं मधे कुठेतरी असावं.

९ ऑक्टोबर, गुरुवार. संध्याकाळी

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, अहो, एक विचारू? रागावू नका. तुम्हाला द्यायची आहे ना?

मी रागावलो. काय काय बोललो ते लिहीत नाही. सहा आठवडे पालक पितोय तो कोणासाठी, असंही म्हणालो. ती ऐकत राहिली. माझा शर्ट तिच्या हातात होता, त्याची घडी तिने मोडली आणि पुन्हा घातली. म्हणाली, नाही म्हटलंत तरी मी तुमच्याबरोबरच आहे. पण तिला लवकर सांगा, म्हणजे ती वेटिंग लिस्टवर नाव वर सरकवायला धडपडेल.

काय बायको आहे. नवऱ्यावर विश्वास नाही.

स्मूदी आज नको वाटली. आइस्क्रीम, पिस्ता. हिरवंच आहे.

१३ ऑक्टोबर, सोमवार

उद्या. एका रात्रीत आठ किलो कमी होत नाही, हे कबूल. पण प्रयत्न दिसतो. डॉक्टरलोकांना प्रयत्न कळतो.

शिंपीणबाई आज टेस्ट पास. रिव्हर्स एका फटक्यात. म्हणाल्या, सर, मी डोळे उघडे ठेवले, बाकी काही केलं नाही. पेढे नाहीत, काही नाही, हातात हात घेऊन जोरात हलवला.

१४ ऑक्टोबर, मंगळवार. दुपारी १२.३०

९८.९. डॉक्टर नाही म्हणाले. वजनामुळे. मी खूप आग्रह केला, पण नियम म्हणजे नियम. फार कडक माणूस.

सगळ्यांना वाईट वाटलं. मला सर्वांत जास्त.

१५ ऑक्टोबर, बुधवार. सकाळी ९

काल लिहिलं ते असं झालं नव्हतं.

डॉक्टरांनी मला एकट्याला आत घेतलं, दार लावलं. वजनाचा कागद बघून बाजूला ठेवला. म्हणाले, कमी झालेलं नाही, पण बाकीचे रिपोर्ट उत्तम आहेत आणि बहिणीची तब्येत थांबण्यासारखी नाही. आमच्या टीमने ठरवलंय, आहे त्या वजनावर करू. २८ तारीख देतो.

मी म्हटलं, डॉक्टर, पुन्हा एकदा वजन करून बघता का? तुमचा काटा कमी दाखवत असेल.

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, आपण इथे दोघंच आहोत. तुमची इच्छा नसेल तर नसू शकते, तो तुमचा हक्क आहे. बाहेर मी एवढंच सांगेन की तुम्ही वैद्यकीयदृष्ट्या बसत नाही. कारण कोणाला कळणार नाही. तुम्ही फक्त मला सांगा.

मान हलवली. आडवी. मग पाणी मागितलं.

बाहेर धाकटी उभी होती. माझ्या चेहऱ्यावरूनच तिला कळलं. तिला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. तिने माझाच हात धरला. म्हणाली, दादा, मनाला लावून घेऊ नकोस. किती केलंस तू. रोज ते हिरवं प्यायलास माझ्यासाठी. मग मला कँटीनमध्ये नेलं, सकाळपासून उपाशी असशील म्हणाली, आणि माझ्यासाठी सँडविच घेतलं. स्वतः समोर बसली, काही न घेता. मी खाल्लं. पूर्ण.



आज बुधवार. धाकटी आता मशीनला लावलेली असेल, चार तास. फोन करून सांगावं असं मनात आहे. अजून केला नाही.

कालच्या पानावरची ओळ खोडली. त्या जागी लिहितो. डॉक्टर हो म्हणाले होते. नाही मी म्हणालो.