बाटलीत बीज नव्हतं

आत्याबाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी दौंडच्या डॉक्टरांची ती खोली मला आजही स्वच्छ दिसते. तुमचा मुलगा रेल्वेच्या इंजिनावर फायरमन, ड्युटीवर गेलेला. त्यानं दिलेली काचेची बाटली तुम्ही पदराखाली झाकून आणलीत. ही दुसऱ्यांदा आणलेली. तुमच्या मागे मी, तुमची वांझ सून. डॉक्टर सूक्ष्मदर्शकावरून मान वर करतात आणि विचारतात, "मुलाला गालगुंड झालं होतं का? अंडकोष सुजले होते?" तुम्ही खाली बघत म्हणता, "व्हय. मिसरूड फुटायच्या वक्ताला."

डॉक्टर म्हणाले, "वीर्य आहे, पण शुक्रजंतू एकही नाही. ते अंडकोषात तयार होतात, आणि ती जागाच त्या आजारात निकामी झाली. पाणी दुसऱ्या ग्रंथींतून येतं, म्हणून वरून काही कळत नाही. सुनेत दोष नाही."

बाहेर आल्यावर तुम्ही माझा दंड आवळलात. घरी मुलाला सांगितलंत, "हिच्यातच खोट हाय." मी खरं बोलले तर त्यानं मला मारलं. म्हणाला, "माझी आय खोटं बोलंल व्हय?"

मग शिरूरकडची धाकटी माझी सवत म्हणून आली. तिच्या हळदीला जात्यावर मलाच बसवलंत. तिलाही दिवस जाईनात, तेव्हा हवापालट म्हणून तुम्ही तिला तुमच्या भाच्याच्या मळ्यावर धाडलंत. दुसऱ्यांदा जाताना ती माझा हात सोडत नव्हती. "अक्का, मला न्हाई जायचं तिथं." तुम्ही तिला ओढून एस्टीत बसवलंत.

मुलगा झाला. तुमच्या मुलानं यार्डभर पेढे वाटले. माझ्या हातावर पेढा ठेवताना तुम्ही मान वर केली नाहीत. पुढं त्याच नातवानं तुम्हाला अग्नी दिला. तुमच्या मुलाचं रक्त त्याच्यात नव्हतं, हे चितेपाशी मला आणि धाकटीला ठाऊक होतं.

हे लिहिलेलं मी कुणाला दाखवणार नाही. धाकटी समजते, पोरासाठी मी तोंड मिटलं. तसं नाही, आत्याबाई. मी घरात पाऊल टाकलं की तुमचं बोलणं मधेच थांबायचं. ते मला फार आवडायचं.